खंडेनवमीचं तेल

बघ! तुझ्या हातूनबी नाही वळला! सरळ जाऊन बाजूच्या नालीत पडला, दहातली एक बाटली पाडली नाही — हौ, हसणारच मी, दोन लेकरांचा बाप तू, दिवसभर ह्या बोलिंगच्या लेनीच सांभाळतोस, अन् माझ्या नवऱ्याचा बॉल तुलाबी ऐकंना. आमचे देवराव वरून बघत असतील तर गार झाले असतील. ठेव तो, गौतम. सहा महिने पलंगाखाली पडलाय, तुझ्या कामाला येईल म्हणून नल्लकुंट्याहून आटोत घालून आणला, मांडीवर धोंडा घेतल्यावाणी — आता वास काय घेतोस त्याचा?

खोबरेल? हौ, खोबरेलच. मग? खंडेनवमीला घरात नवा बॉल, अन् पुजायचा नाही? आमच्यात विळी, कोयता, खुरपं, सगळ्याला आधी तेल चोळतात, मग हळद-कुंकू. शेत गेलं, खुरपं गेलं, ह्यांचं हत्यार म्हणजे हाच. चांगलं चोळलं, मायंदाळ, दिवसभर देवापुढं ठेवला, असा चमकत होता! मग पुसून पिशवीत. कुंकूबी पुसलं, नाहीतर ओरडले असते.

काय? पितो? बॉल तेल पितो? चल, मला म्हातारीला बनवतोस! लेनीवर तुम्हीच मशीननं तेल मारता ना, त्यानं नाही काही होत? — हं, थोडं असतं, लगेच पुसतात. पुसायचे हे. दर खेपेला फडक्यानं, लेकराचं नाक पुसल्यावाणी. बरं, प्यालेलं तेल गरम पाण्यात बाहेर येतं म्हणतोस, तर टाक. टाक, बसते मी.

दसऱ्यानंतर म्हाताऱ्यांची मॅच होती, त्यासाठीच घेतला. आधी किती दिवस तपासत होते, तू होतास की. सकाळी लेनीवरचं तेल ताजं, तेव्हा बॉल लांब घसरून शेवटी वळायचा, अन् दुपारी तेल उडालं की अर्ध्यातच. घरी येऊन मला फरशीवर कांदा लोटून दाखवायचे — ‘सरू, लेन बदलते, आपण एक पाऊल सरकायचं, बास.’ मी म्हणायची, द्या तो कांदा इकडं, फोडणी जळतीय. अन् मॅचच्या आदल्या दिवशी घरी आले तर तोंड उतरलेलं. सकाळी वळला नाही, दुपारी नाही, दिवेलागणीलाबी नाही. डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले. म्हणले, ‘लेनीचं काही नाही सरू, हात गेला माझा.’

मी काय म्हणलं? मला कुठं गप बसता येतंय! म्हणलं, बरं झालं, आता मेथी निवडा. निवडली. मॅचला गेलेच नाहीत.

विचारलं होतं. हौ, विचारलं होतं त्यांनी मला — ‘तू बॉलला काही लावलंस का?’ अन् मी म्हणलं, ‘लावलं की, तुमच्या टकलाला लावते तेच तेल!’ हसले रे. पोट धरून हसले. चाळीस वर्षं मी त्यांच्या चहात मीठ घातलं, चपला लपवल्या, माझं खरं कोण धरतंय? मीबी हसले. मला तरी कुठं कळलं, मी खरं बोलले म्हणून? त्यानंतर हे बाहेर पडायचेच बंद झाले. दाढी नाही, पेपर नाही. नुसते आपला हात उलटा-पालटा करून बघायचे. संक्रांतीला गेले.

ते काय पाण्यावर? — एवढं? — अजून येतंय?

पुस. नीट पुस. हितंच उभा राहा, मघाच्या जागी, पाऊल हलवू नको. अन् ऐक, सरळ जाऊ दे. तू काही करू नको, पण सरळ जाऊ दे रे बाबा. म्हणजे तेलाचं काही नाही, हातच गेला होता. एकाहत्तराव्या वर्षी जातोच की हात, सगळ्यांचा जातो, त्यात बायकोचं काय — टाक. सरळच चाललाय. बघ, सरळच, सरळ —

नको. परत नको टाकू. बघितलं मी, शेवटी वळला. एक बाटली उभी नाही राहिली.

जा तू, गिऱ्हाईक बोलवतंय तिकडं. जा म्हणलं ना.