एस्तेरनं पाळकांना काय विचारलं

निजामाच्या मुलखातल्या वाशीत, पटकीच्या साथीच्या साली, मिशन दवाखान्यापुढं रांगेत उभा होतो. माझ्यापुढं दोन ख्रिस्ती बायका होत्या.

"एस्तेर, लेक गेली म्हणं तुझी?"

"गेली, मावशी. अन् पाळकसायब मलाच रागवाय आले."

"कशापायी?"

"रडले म्हणून! शेजारची खैरुनबी माझ्या गळ्यात पडून रडत हुती, तिलाबी घराबाहेर काढलं. म्हणले, ख्रिस्ती बाईनं असला आकांत करू न्हाय, लेक प्रभूपाशी सुखात हाय."

"मंग तू गप बसलीस?"

"बसते व्हय! म्हणलं, सोबती लाजर मेला तवा येशू रडला, हे तुमीच उपासनेत वाचून दाखवलं न्हवं?"

"बरं केलंस!"

"म्हणलं, त्या मेलेल्या लाजराला आपुन आत्ता उठवणार, हे येशूला ठावं हुतं. तरीबी तो रडला. माझी लेक उठणार हाय का आज?"

"काय म्हणले मंग?"

"टोपी घातली अन् निघाले."

"अन् तू?"

"म्या खैरुनबीला हाक मारली. दोघी पोटभर रडलो. तवा कुठं माझ्या तोंडातनं प्रार्थना निघाली, मावशी."