साठ शेवंडी आणि एक गुरुवार

...नाही, पण मला एक सांगा, भांडण दोन सरकारांचं, मग निस्तरायचं कोणी? आमच्या चंद्रहासनं? चंद्रहास म्हणजे माझा शेजारी, पर्थमधला. त्याच्या आणि माझ्या युनिटमध्ये भिंत आहे असं एजंट म्हणतो, पण तिकडे त्यानं उसासा टाकला की इकडे माझा चहा निवतो, म्हणून सगळं तपशीलवार माहितीये. मी कान लावत नाही हो, ऐकूच येतं!

तर तुम्हाला सांगतो, दोन हजार वीस साल, आपलं ऑस्ट्रेलिया एक दिवस उठलं आणि म्हणालं, हा व्हायरस आला कुठून ह्याची चौकशी करा! करा तर करा, आमचं काय जातंय, पण चीनला आला राग. माणसाला राग आला की तो बोलणं बंद करतो, देशाला राग आला की तो घेणं बंद करतो! आधी इथल्या जवावर कर, मग कोळशाची जहाजं बंदराबाहेर ताटकळत, मग वाइनवर कर, आणि नोव्हेंबरात पाळी कोणाची? शेवंडीची! लॉबस्टर हो, लॉबस्टर... ह्या मोठाल्या मिशा, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं आम्हाला आधी विचारायला हवं होतं! इथल्या समुद्रातल्या बहुतेक सगळ्या शेवंडी जायच्या चीनला, जिवंत, विमानानं. आता चीननं बंदी घातली असं म्हणायचं नाही बरं का, फक्त 'तपासणी' सुरू केली. सावकाश. जिवंत माल तोवर थांबतो होय?

आणि चंद्रहास कामाला कुठे? शेवंडी चीनला पाठवणाऱ्या कंपनीत! एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. पुण्यातनं मास्टर्स करायला आला, उभ्या जन्मात कोळंबीसुद्धा खाल्ली नाही, पण नोकरी ह्यांनी दिली, व्हिसा ह्यांनी स्पॉन्सर केला. येत्या मार्चमध्ये नोकरीची तीन वर्षं पुरी होणार, मग पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज. आणि पीआर कशाला हवी? बायको हवी म्हणून! हसू नका... चित्रलेखा फेब्रुवारीत भावाच्या लग्नाला पुण्याला गेली, तीन आठवड्यांसाठी, एक बॅग घेऊन, आणि मार्चमध्ये इकडे सीमा बंद! सिटिझन असाल, पीआर असाल, या, त्यांच्या बायकाही या, टेम्पररी व्हिसावाले जिथे आहात तिथे सुखी राहा! तिला येऊ द्या म्हणून तीनदा अर्ज केला, तीनदा नकार. दहा महिने हो! रोज फोन, 'जेवलास का?' 'जेवलो.' 'काय जेवलास?' आणि मग मॅगीचं पाकीट फाडल्याचा जो आवाज येतो ना, तो मला भिंतीच्या अलीकडे सोसत नाही. नोकरी गेली की स्पॉन्सर गेला, स्पॉन्सर गेला की पीआर गेली, पीआर गेली की चित्रलेखा तिकडेच. म्हणजे खोकी अडली शांघायला आणि बायको अडकली पुण्यात! भांडले ते, निस्तरायचं आमच्या चंद्रहासनं!

मग बॉस, ग्रेग नाव त्याचं, स्वभावानं देवमाणूस, तो म्हणाला, 'मेट, माल इथेच विकायचा. तुझी इंडियन मंडळी खाण्यापिण्याची शौकीन ना? ख्रिसमसच्या आत साठ खपवून दाखव, म्हणजे तुला ठेवायला मला कारण मिळेल. नो वरीज!' काय आहे, हे 'नो वरीज' म्हणणाऱ्याला वरी कधीच नसते, ऐकणाऱ्याला असते!

चंद्रहासनं फोन लावला शंतनूला. शंतनू त्याचा कॉलेजचा मित्र, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनियर. पर्थचा समुद्र तिथून सहाशे किलोमीटर, ताज्या मासळीला माणसं आसुसलेली! शंतनूनं नोव्हेंबरअखेरीस 'कालगुर्ली मराठी परिवार' ग्रुपवर टाकलं, 'ताज्या शेवंडी, दारात, कोणाकोणाला?' आणि अंगठ्यांचा पाऊस पडला हो! साठ शेवंडी तासाभरात बुक! दिवस कुठला? शंतनू म्हणाला, सतरा डिसेंबर, त्या दिवशी निम्म्या लोकांची शिफ्ट नसते. चंद्रहासनं फोनमध्ये बघितलं, सतरा डिसेंबर, गुरुवार, बाकी काही नाही. आता फोनच्या कॅलेंडरात बाकी काही दिसत नाहीच ना! घरातलं पंचांग बघणारं माणूस सीमेपलीकडे, ह्याला कोण सांगणार?

सतराला पहाटे निघाला. कंपनीची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, हौद्यात थर्मोकोलची खोकी, आत बर्फ, ओला भुसा आणि त्यात साठ शेवंडी, बाहेर एकेचाळीस डिग्री. दर तासाला थांबून झाकण उघडून बघायचा, आहात ना? त्या मिशा हलवायच्या. वाटेत चित्रलेखाचा फोन. 'कुठे आहेस?' 'कालगुर्लीला चाललोय, शेवंडी घेऊन.' 'आज?' 'आज.' 'अरे, आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार!' ...तुम्हाला सांगतो, यूट रस्त्याकडेला थांबली. 'मी सकाळपासून उपाशी घट मांडून बसलेय,' ती म्हणाली, 'तुझी पीआर व्हावी म्हणून! आणि तू आज घरोघर शेवंडी वाटतोयस?' तो म्हणाला, 'मीसुद्धा पीआरसाठीच वाटतोय गं.' मागे खोक्यात खुडबुड.

परत फिरणार कसा? गेला. शंतनूच्या दारात पोचला तर दारात रांगोळी, आतून उदबत्तीचा वास, आणि उंबऱ्यात मिताली, शंतनूची बायको, हातात पोथी, आणि तिच्यामागे शंतनू, कान खाजवत. तिची मुलगी नेमकी ओरडली, 'आई, द बॉक्स इज मूव्हिंग!' मिताली म्हणाली, 'भावजी, पाणी घ्या, खीर घ्या, पण ते खोकं उंबऱ्याच्या आत नको हं.' 'बरं, उद्या?' 'उद्या कसं? महिनाभर नाही खात आम्ही. तेरा जानेवारीला महिना संपतो, चौदाला संक्रांत, तुम्ही पंधराला या ना!' पंधराला या! जिवंत माल आहे हो, त्याला काय मार्गशीर्ष समजतो? पुढची सगळी घरं तशीच. एका घरी नवरा मागच्या दारानं आला, कुजबुजला, 'दोन गॅरेजमध्ये ठेव, हिला बोलू नकोस,' आणि आतून आवाज, 'कोण आहे हो?' की गेला पळत! शेवटी धवलचं दार, हॉस्पिटलातला डॉक्टर, मराठी ग्रुपवर शंतनूच्या आग्रहानं आलेला. तो हात जोडून म्हणाला, 'भाई, हम तो जैन हैं, प्याज भी नहीं खाते. मैंने तो थम्ब्स अप आपकी मेहनत को दिया था!'

म्हणजे बघा, चीननं तपासणीच्या नावाखाली घेतलं नाही, आणि आपल्या बायकांनी खीर देऊन घेतलं नाही! बंदी ती बंदीच! आणि बायकांचं तरी काय चुकलं हो? घरापासून आठ हजार किलोमीटरवर, वर्षभर आईबापांचं तोंड बघितलेलं नाही, तेवढा एक गुरुवार हातात आहे, तोही सोडायचा?

इथे आर्वो म्हणतात ती दुपार टळायला आलेली, बर्फाचं पाणी झालेलं, चार शेवंडींनी मिशा हलवणं थांबवलेलं. चंद्रहास मेन रोडवर यूटच्या चाकाशी मटकन बसला. बसला तो नेमका एका चायनीज रेस्टॉरंटसमोर. मालकीणबाई बाहेर आल्या, चाळीस वर्षं कालगुर्लीत राहिलेल्या, खोक्यात डोकावल्या आणि एकदम हसायलाच लागल्या. म्हणाल्या, 'माझा भाऊ शांघायला हॉटेल चालवतो. रोज फोनवर रडतो, शेवंडी नाहीत, गिऱ्हाईक नाही! आणि तू इथे मला आणून देतोस?' जिवंत होत्या त्या सगळ्या घेतल्या, त्याला थंड पाणी दिलं, वर टोफूभात खायला घातला. मग दोघांनी मिळून रिकामी खोकी धुतली म्हणे. भांडतील कशाला? तिच्या भावानंही कोणाशी भांडण केलं नव्हतं आणि ह्यानंही नव्हतं.

सोमवारी ग्रेग खूश! 'एका दिवसात छप्पन्न खपवल्या? मेट, यू लेजंड! आजपासून तू रीजनल सेल्स मॅनेजर! एक्स्पोर्ट डिपार्टमेंट तसंही बंद करतोय, पाठवायला आहेच काय? नवा व्हिसा मी स्पॉन्सर करतो, नो वरीज!' नोकरी वाचली! पगारही वाढला! फक्त एक, व्हिसावरचं काम बदललं की जुनी वर्षं धरत नाहीत, पीआरची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. वकिलाला विचारलं, खरंच पहिल्यापासून? तो म्हणाला, 'अभिनंदन, आणि हो.'

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. 'चित्रा, प्रमोशन मिळालं.' तिकडे ती किती ओरडली असेल, मला इथवर ऐकू आली! 'अरे वा! मग बॅग भरायला घेऊ?'

भिंतीपलीकडे एक उसासा, इकडे माझा चहा निवला. मग आमचा चंद्रहास म्हणाला, 'घे. पण सावकाश भर... तीन वर्षं आहेत.'