भिंतीवरचे जोर

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत मालविकाचे कान शेजारच्या बाकाकडे होते. बालाजी घाटावरचे जुने पहलवान काशीनाथकाका दोस्ताला, शरदरावांना, आपलं रडगाणं सांगत होते.

“कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जमिनीवरचे जोर बंद. उभ्यानं भिंतीला हात टेकून काढा.”

“पहलवानानं? गल्लीनं पाहिलं तर?”

“पाहिलंच. गल्लीतले पांडेजी म्हणाले, भिंत पडतेय का?”

“मग?”

“लाजेपोटी हो म्हणालो. तेही धरायला आले. मग रोज चौघं यायला लागले. सगळ्यांच्या कमरा एकदम बढिया.”

“मग आज इथे कशाला?”

“घरमालकानं घाबरून भिंतच पाडली. डॉक्टरांना विचारतो, आता काय करू.”

“समोर दुसरी भिंत आहे की.”

“ती मंगला गौरीच्या देवळाची. तीही पडतेय म्हणू?”