पेटीची जागा

चहा राहू दे गं, आधी हे ऐक. आमच्या शाळेतल्या मुलींच्या तक्रारपेटीचं काम माझ्याकडे. दर शनिवारी कुलूप काढायचं, पेटी रिकामी, रजिस्टरात 'निरंक' लिहून सही. वर्षभर हेच. मला वाटायचं, किती चांगली शाळा!

परवा रनाळ्याहून येणाऱ्या दहावीतल्या पोरीला सहज विचारलं, "एकही चिठ्ठी कशी नाही गं?"

ती दाराकडे बघत पुटपुटली, "मॅडम, ज्यानं नाव लिखानं शे, तोच पेटीखाले बठेल ऱ्हास."

पेटीखाली आमच्या क्लार्कचं टेबल; म्हणजे चिठ्ठीत नाव लिहायचं ते त्याचंच. तिची तक्रार लगेच लिहून घेतली, समितीपुढे ठेवली. तरी मन थाऱ्यावर नाही. ती जागा मीच निवडली होती ना! म्हटलं होतं, तिथे कायम माणूस बसलेला असतो, पेटी सुरक्षित राहील.