आडवी खुर्ची

(नाशिकमधलं एक डेंटल कॉलेज. डॉ. दिशाच्या फुटलेल्या ओठातून रक्त येतंय. पेशंट वाल्मीक खुर्चीवरून उतरून भिंतीला पाठ लावून उभा आहे. दिशाचे गाइड महेश सर आवाज ऐकून आत आलेत.)

महेश सर : ओठ फाटलाय तुझा! यानं मारलं?

दिशा : मुद्दाम नाही, सर. सुई तोंडाजवळ नेली आणि यांचा हात उसळला.

महेश सर : उसळला? सरळसरळ गुद्दा आहे तो. सिक्युरिटीला बोलव. कम्प्लेंट करायची.

वाल्मीक : करा साहेब. मी हितंच थांबतो. मॅडम, पाया पडतो तुमच्या. काय झालं ते मला कळलंच नाय.

दिशा : पाया नका पडू. बसा आधी.

वाल्मीक : त्या खुर्चीत नाय बसायचो आता.

महेश सर : मग घरी जा.

दिशा : सर, सूज गळ्याकडे उतरतेय. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. आज तो मोडका दात काढून पू बाहेर नाही काढला तर यांना श्वास घेणं अवघड होईल.

महेश सर : तर दोन वॉर्डबॉय बोलाव. एक हात धरेल, एक डोकं. इंजेक्शन मी देतो.

वाल्मीक : अंगाला हात लावायचा नाय कुणी! सांगून ठेवतो. धरलं तर एकाला तरी आडवा करीन मी.

महेश सर : ऐकलंस? आणि दातांच्या उपचारांच्या भीतीवरच्या तुझ्या त्या रिसर्चमध्ये भीती किती निघाली होती यांची?

दिशा : काहीच नाही. पाचही प्रश्नांना एकच उत्तर, अजिबात भीती वाटत नाही. बाहेर थांबायची नाही, मशीनची नाही, सुईचीही नाही.

महेश सर : खोटं बोलला. वगळून टाक, दुसरा पेशंट घे.

वाल्मीक : खोटं नाय बोललो. सुईला काय भ्यायचं?

दिशा : मग कशाला भ्यालात, वाल्मीकभाऊ? बसलात तेव्हा चांगले गप्पा मारत होतात. ओझर रोडला कंपनीची बस चालवतो म्हणालात. मी खुर्ची आडवी केली आणि...

वाल्मीक : तेच. आडवी केली. डोळ्यात उजेड आला, अन् वरून माणसाचं तोंड.

दिशा : कुणाचं?

वाल्मीक : ऱ्हाऊ द्या ना मॅडम.

दिशा : पायरीवरून पडलो म्हणालात. पडल्यावर मागची दाढ अशी मोडत नाही. टाळूलाही जखम आहे तुमच्या. आत काहीतरी घातलं होतं.

वाल्मीक : पाना.

महेश सर : काय?

वाल्मीक : चाकाचा पाना. कामावरच्या बाया घरी सोडायला चाललो होतो. पुढं रस्त्यात गाडी आडवी लावलेली, बॉनेटवर वाढदिवसाचा केक, भवती पोरं. मी हॉर्न दिला. एकदाच दिला, मॅडम. त्यांनी खाली ओढलं. एक छातीवर बसला, दोघांनी हात दाबले, मोबाइलचा उजेड तोंडावर. लय हॉर्न वाजवतो का, आता तोंडानं वाजव म्हणले. नाय म्हणलो, तर पाना घातला अन् पिळला. दात मोडताना आवाज येतो हो. डोक्याच्या आतून येतो.

दिशा : मग?

वाल्मीक : मग वाजवला. पों, पों. तोंडात रक्त भरलं तरी थांबू देईनात. बाया खिडकीतून बघत होत्या. त्यात एक माझ्या पोरीच्या वयाची.

महेश सर : पोलिसांत नाही गेलात?

वाल्मीक : घरीसुद्धा नाय सांगितलं, साहेब. त्यातला एक आमच्याच गल्लीत ऱ्हातो. मी दिसलो की पों करतो अन् हसतो.

दिशा : सर, वॉर्डबॉय नकोत. खुर्ची सरळच ठेवते.

महेश सर : आणि परत हात उठला तर? सुई मोडेल आत.

दिशा : उठवायचाच आहे. वाल्मीकभाऊ, नको वाटलं की डावा हात वर करा. मी थांबणार. कितीही वेळा.

वाल्मीक : त्या दिवशी हात दाबलेले होते माझे.

दिशा : आज मोकळे आहेत. या, बसा. मी बाजूला उभी राहते, वर येत नाही. लाइट खाली घेतलाय. आता थोडं टोचेल... हात वर केलात. थांबले. ही बघा, सुई ट्रेमध्ये ठेवली.

वाल्मीक : थांबलात.

दिशा : हो.

वाल्मीक : खरंच थांबलात. ...करा आता.

महेश सर : नळी मला दे, दिशा. रक्त मी ओढून घेतो. तू दाताकडे बघ.

दिशा : गाल जड झाला ना? आता दाबल्यासारखं वाटेल. परत हात? थांबले... चालू करू? मान हलवा फक्त. हां. हलतोय... अजून थोडं... आला. मुळासकट आला. थुंका इथे, सगळा पू येऊ द्या.

महेश सर : घाम बघ किती आलाय. पाणी देऊ का हो?

वाल्मीक : नको, साहेब. मॅडम, तुमच्या ओठाचं...

दिशा : भरेल तो. दुसरं सांगायचंय. ही मारहाणीची केस आहे, पोलिसांना आम्हाला कळवावंच लागेल. जबाब द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. घाई नाही. जीभ बधिर आहे, नीट बोलता येणार नाही. दोन तास बाहेर बसा, उतरेल ते.

वाल्मीक : नको. उतरलं की घरी जावंसं वाटंल. आत्ताच बोलवा त्यांना.