काकूंनी दिलेलं चारित्र्य

पोलीस ठाण्यातलं रेकॉर्ड साफ असलं की सरकारी नोकरी पक्की, असं वाटतं ना तुम्हाला? माझं ऐका. माझं रेकॉर्ड साफच होतं, पण शेजाऱ्यांकडे चौकशी बाकी होती. साध्या कपड्यातला हवालदार सायकलवर आमच्या सीताबर्डीच्या मोहल्ल्यात आला, अन् नेमका शेजारच्या काकूंकडे शिरला.

"बाजूचा पोरगा कसा आहे, बाई? दारूगिरू?"

काकूंना वाटलं, हा मुलीचा बाप, स्थळाची चौकशी करतोय. अन् काकूंच्या मनात तर मी त्यांच्या लेकीसाठी, सुमनसाठी होतो!

"पेते ना! मारामाऱ्याबी करते. तुमची पोरगी देऊ नका, भाऊ."

हवालदार लिहीत गेला. मग म्हणाला, "पोरगी कोणाची? मी पोलीस आहो. त्याले सरकारी नोकरी लागून राहिली."

"सरकारी? मंग आधी काहून नाही सांगतलं? खोडा ते! सोन्यासारखा पोरगा आहे."

"आता खरं कोणतं मानू, बाई?"

"मघाचं पोरीच्या बापासाठी होतं. हे सरकारसाठी आहे."

नोकरी लागली, सुमनशी लग्नही झालं. आता जावई कसा आहे म्हणून कोणी विचारलं, की सासूबाई ते खोडलेलंच सांगतात.