जागचा न हललेला सुळा

“तारा काढा म्हणून सकाळपासनं डोकं खाल्लंय हिनं, डॉक्टर! मैत्रिणी हसतात म्हणं.”

पेणच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या मनालीला पडद्याआडचं सगळं ऐकू येत होतं.

“आजी, मी रोज तारांना सुळा ओढायची रबरं लावते गो. डॉक्टरच तारा काढत नायत.”

“मग डॉक्टर, दात सरकला का नाय, ता सांगा.”

“हे बघा आजी. कॉम्प्युटरवर हिचा मागच्या खेपेचा जबडा पांढरा, आजचा निळा. टाळूच्या वळ्या जागच्या हलत नाहीत. त्यांवर दोन्ही जबडे जुळवले, की दात किती सरकला ते कळतं.”

“मिठागरात रोवलेल्या खांबावरनं पाणी मोजतात तसं. मग?”

“सुळा केसभरही सरकलेला नाही.”

“मशीन बिघडलंय, आजी!”

“थांब. वळ इकडं. वेणीच्या टोकाला ही इवली इवली रबरं कसली गो, प्रतीक्षा?”

बाहेर मनालीनं पर्समधली पुडी काढून घाईघाईनं दोन रबरं आपल्याही तारांना अडकवली.

“डॉक्टर, तारा ऱ्हाऊ द्या. आन् तू ऐक गो बाय, तुझ्या तोंडात टाळू तेवढी एक खरी हाय!”